पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा

१९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत साखर कारखानदारांना नको असलेल्या बातम्या येऊ लागल्या होत्या. हृदयविकाराचा संबंध फक्त चरबीशी नाही, साखरेशीही असावा, असं काही संशोधक म्हणू लागले होते. साखर उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेचे उपाध्यक्ष जॉन हिक्सन यांनी तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातल्या पोषणतज्ज्ञांशी संपर्क साधला. साखर, चरबी आणि हृदयविकार यांवर तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा घ्यायचा आणि तो छापून आणायचा, असं काम ठरलं. मोबदला ६,५०० डॉलर, म्हणजे २०१६ च्या हिशेबाने जवळपास पन्नास हजार डॉलर. विचारात घ्यायचे काही निबंध हिक्सननी स्वतःच पाठवले. आपल्या संस्थेला कशात रस आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता कळवलं. तुमचा रस कशात आहे ते आम्ही जाणतो, अशा अर्थाचं उत्तर प्राध्यापक मार्क हेगस्टेड यांनी धाडलं. मधल्या काळात आयोवातल्या संशोधकांचे साखरेविरुद्ध जाणारे नवे निबंध येतच होते. तिकडून एक निबंध आला की आम्हाला खंडनाचा एक भाग पुन्हा लिहावा लागतो, म्हणून उशीर होतोय, असं कारणही याच पत्रांत नोंदलेलं आहे.

१९६७ साली हा आढावा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. हृदयविकार टाळायचा तर आहारातलं कोलेस्टेरॉल कमी करा आणि संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त तेलं वापरा, एवढाच उपाय त्यात सांगितला होता. साखरेकडे बोट दाखवणारे पुरावे कच्चे ठरवले होते. लेखाला साखर उद्योगाने पैसे दिले, याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या काळी तसा नियमही नव्हता. लेखकांनी आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावेत, असं बंधन या नियतकालिकाने घातलं ते १९८४ साली.

हा पत्रव्यवहार पन्नास वर्षं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत खोक्यांमध्ये पडून होता. तो उजेडात आणला क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य असलेल्या संशोधिकेने. हिरड्यांचे आजार आणि मधुमेह यांवरच्या एका परिषदेत साखरेबद्दल कुणी बोलेना, याचं त्यांना नवल वाटलं आणि त्या जुन्या कागदपत्रांच्या मागे लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०१६ साली ही हकिकत प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी आणखी एक प्रकरण बाहेर आलं. याच संस्थेने १९६८ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात उंदरांवरच्या एका प्रयोगाला पैसे दिले होते. साखर खाणाऱ्या उंदरांमध्ये, मूत्राशयाच्या कर्करोगाशी ज्याचा संबंध जोडला जात होता अशा एका विकराचं प्रमाण वाढलेलं दिसू लागलं. संशोधकांनी काम पुरं करायला आणखी बारा आठवडे मागितले. १९७० साली पैसे बंद झाले आणि निष्कर्ष कधीच छापले गेले नाहीत. प्रयोग लांबला होता, खर्च वाढला होता आणि संस्थेची फेररचना चालू होती, असं स्पष्टीकरण साखर उद्योगाच्या संघटनेने नंतर दिलं.

या दोन हकिकती वाचून ‘शास्त्रज्ञ विकले गेले’ असा निकाल देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण विज्ञानाच्या इतिहासकारांनी २०१८ साली ‘सायन्स’मध्ये त्यावर रास्त आक्षेप घेतला. चरबी हा मुख्य गुन्हेगार आहे, असं हार्वर्डच्या या मंडळींचं मत साखरेचे पैसे येण्याआधीपासूनच होतं. त्या काळात उद्योगांकडून पैसे घेणं सर्रास चाले, आणि दूध-मांसाच्या उत्पादकांचे पैसेही संशोधनात फिरत होते. शिवाय हेच हेगस्टेड पुढे अमेरिकी सिनेटच्या ज्या आहारविषयक उद्दिष्टांमागे उभे राहिले, त्यांत चरबीबरोबर साखरही कमी करा असा सल्ला होता. तेव्हा त्यांचं मत कुणी विकत घेतलं, असं म्हणता येत नाही. मत होतंच, उद्योगाने ते हेरलं आणि त्याला पैसा, वेळ आणि व्यासपीठ दिलं. बर्मिंगहॅममध्येही कुणी खोटं लिहिलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधी तो प्रश्न बंद झाला, एवढंच.

या लेखसंग्रहाचा गाभा इथेच आहे. अन्नउद्योगाला सहसा उत्तर विकत घ्यावं लागत नाही. कोणता प्रश्न विचारला जाईल आणि कोणता जाणार नाही, हे ठरवता आलं की त्याचं काम भागतं.

*

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका उदाहरणाने नीट पाहू. लहान मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीची चाचणी करायची आहे, असं समजा. मुलांचे दोन गट केले. एका गटाला जीवनसत्त्वं आणि लोह घातलेली पावडर दिली, दुसऱ्याला तीच पावडर जीवनसत्त्वांशिवाय. वर्षभराने पहिल्या गटातल्या मुलांच्या रक्तात लोह आणि जीवनसत्त्वं वाढलेली दिसतात. निष्कर्ष खरा असतो, आकडेमोड बिनचूक असते, नियतकालिकही चांगलं असतं. पण घरातल्या आईचा प्रश्न वेगळा असतो. एवढ्या पैशांत याला ही पावडर द्यावी, की शेंगदाण्याचा लाडू, अंडं, पालेभाजी आणि नाचणीची भाकरी द्यावी? त्या तुलनेची चाचणी करायला कुठलीच पावडर कंपनी पैसे देणार नाही. शेंगदाणा-गुळाच्या लाडवाचा कुणी मालक नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने पैसे घालायलाही कुणी नाही. मग ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ हा शिक्का पावडरीच्या डब्यावर बसतो आणि लाडू ‘पारंपरिक’ एवढाच राहतो.

प्रश्न असा वळवता येईल अशा जागा अनेक आहेत. तुलना कशाशी करायची, ही एक झाली. किती दिवस पाहायचं, ही दुसरी: गोड पेयाने आठवडाभरात काही बिघडत नाही, बिघडायला वर्षं जातात. मोजायचं काय, ही तिसरी: वजन मोजायचं, की जेवणानंतर पोट भरल्यासारखं वाटतं का हे विचारायचं? मात्रा किती ठेवायची, ही चौथी. आणि निकाल मनासारखा आला नाही तर तो छापायचा की कपाटात ठेवायचा, ही शेवटची आणि सगळ्यात मोठी. यांतल्या एकाही ठिकाणी खोटं बोलावं लागत नाही.

याचा एकत्रित परिणाम मोजला गेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या प्राध्यापिका मॅरियन नेसल (चॉकलेटवाल्या नेस्ले कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही) यांनी मार्च २०१५ पासून वर्षभर उद्योगाच्या पैशाने झालेले अभ्यास नोंदवून ठेवले. १६८ पैकी १५६ अभ्यासांचे निष्कर्ष पैसे देणाऱ्याच्या सोयीचे निघाले. हा नमुना शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडलेला नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण काटेकोर पद्धतीने केलेल्या पाहण्याही त्याच दिशेने जातात. २००७ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये शीतपेयं, फळांचे रस आणि दूध यांवरच्या २०६ लेखांची छाननी प्रसिद्ध झाली. ज्या अभ्यासांचा सगळा खर्च उद्योगाने उचलला होता, त्यांचा निष्कर्ष उद्योगाला अनुकूल असण्याची शक्यता उद्योगाचे पैसे न घेतलेल्या अभ्यासांपेक्षा चार ते आठ पट जास्त आढळली. २०१३ साली त्याच नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांनी गोड पेयं आणि वजनवाढ यांवरचे आढावे तपासले. उद्योगाशी संबंध नसलेल्या आढाव्यांपैकी ८३ टक्क्यांना गोड पेयांनी वजन वाढतं असं आढळलं होतं. संबंध असलेल्यांपैकी नेमक्या तेवढ्याच, ८३ टक्के आढाव्यांना तसा पुरावा पुरेसा वाटला नव्हता. समोर पुरावा एकच होता. वाचणाऱ्यांच्या खिशात मात्र फरक होता.

प्रश्न बदलण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण शीतपेयांच्या धंद्यातलं आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या शास्त्रज्ञांच्या गटामागे कोका-कोलाचे १५ लाख डॉलर असल्याचं उघड केलं. लोक काय पितात-खातात याकडे फार लक्ष जातंय, खरी अडचण व्यायाम कमी होण्यात आहे, असा या गटाचा सूर होता. व्यायाम चांगला, हे कोण नाकारेल? म्हणूनच तो प्रश्न इतका कामाचा ठरतो. व्यायामाबद्दल बोलत राहिलं की बाटलीतल्या साखरेबद्दल बोलायला वेळ उरत नाही आणि लठ्ठपणाचा सगळा दोष आळशी माणसाच्या माथी जातो. बातमीनंतर कोलोरॅडो विद्यापीठाने या गटासाठी मिळालेले दहा लाख डॉलर परत केले आणि वर्षअखेरीस तो गट विसर्जित झाला. पण तोच विचार इतर मार्गांनी जगभर पोचलेला होता. कोका-कोलाचे अधिकारी राहिलेल्या अ‍ॅलेक्स मालास्पिना यांनी १९७८ साली ‘इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूट’ (इल्सी) स्थापन केली होती. तिच्या शाखा भारतासह अनेक देशांत उघडल्या. चीनच्या लठ्ठपणाविषयक धोरणात आहारापेक्षा व्यायामाला झुकतं माप कसं मिळत गेलं आणि त्यात या संस्थेच्या चीन शाखेचा वाटा किती होता, हे हार्वर्डच्या सुझन ग्रीनहाल्श यांनी २०१९ साली तपशिलाने मांडलं. कोका-कोला स्वतः २०२१ साली या संस्थेतून बाहेर पडली.

*

संशोधनापासून सल्ल्यापर्यंतचा प्रवास सरकारी कार्यालयांतून होतो आणि तिथे शब्दांवर घासाघीस चालते. १९७७ च्या जानेवारीत सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकेची आहारविषयक उद्दिष्टं प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत मांस कमी खा, असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. गुरं पाळणाऱ्यांच्या संघटनांनी गदारोळ केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत, संपृक्त चरबी कमी होईल असं मांस, कोंबडी आणि मासे निवडा, असं वाक्य आलं. ‘कमी खा’ची जागा ‘निवडा’ने घेतली. नेसल १९८६ साली आरोग्य खात्याच्या पोषण अहवालाचं काम करायला वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हा मांस कमी खा असं अहवालात लिहिता येणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. १९९१ साली कृषी खात्याने तयार केलेला आहाराचा मनोरा (काय किती खावं ते दाखवणारं चित्र) मांस आणि दूध उत्पादकांच्या नाराजीनंतर मागे घेतला गेला आणि वर्षभराने, आणखी चाचण्यांवर मोठा खर्च करून, जवळपास तसाच पुन्हा आणला गेला.

एखादा पदार्थ कमी खा म्हटलं की कुणाचा तरी माल कमी खपतो. म्हणून सल्ला पदार्थांच्या भाषेतून पोषकद्रव्यांच्या भाषेत सरकतो. मांस न म्हणता संपृक्त चरबी, शीतपेय न म्हणता जादा उष्मांक, वेफर्स न म्हणता सोडियम. पोषकद्रव्याचा कुणी कारखाना नसतो, त्यामुळे कुणी दुखावत नाही. ग्राहकाच्या हाती मात्र काही लागत नाही, कारण बाजारात जाऊन कुणी संपृक्त चरबी विकत घेत नाही. उलट उद्योगाला नवी वाट मिळते. चरबी वाईट ठरली की ‘लो फॅट’ बिस्किटं येतात, प्रोटीनचा बोलबाला झाला की प्रोटीनवाले नूडल्स येतात.

जागतिक आरोग्य संघटनेलाही हा दबाव चुकला नाही. रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त साखरेतून येऊ नयेत, अशी शिफारस २००३ साली तिच्या तज्ज्ञांनी केली. तेव्हा अमेरिकेतल्या शुगर असोसिएशनने महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांना पत्र लिहून, अमेरिकेकडून मिळणाऱ्या ४० कोटी ६० लाख डॉलरच्या निधीवर आपण काँग्रेसमध्ये प्रश्न उभा करू, असं बजावलं. अहवाल तरीही निघाला. २०१५ साली संघटनेने दहा टक्क्यांची मर्यादा ठामपणे मांडली आणि पाच टक्क्यांवर आणता आली तर आणखी बरं, असंही सांगितलं. लगेच पुढच्या वर्षी इल्सीच्या पैशाने केलेला एक आढावा वैद्यकीय नियतकालिकात आला. साखरेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमागचा पुरावा कमी दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पन्नास वर्षांपूर्वीचाच डाव त्यात दिसतो.

*

हे सगळं दूरदेशीचं आहे, आपल्याकडे काय, असं वाचकाला वाटू शकेल. आपल्याकडे ते वेगळ्या कपड्यांत येतं.

२००८ साली देशातल्या डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने, इंडियन मेडिकल असोसिएशनने, पेप्सिको कंपनीशी करार करून ट्रॉपिकाना रस आणि क्वेकर ओट्स यांच्या पाकिटांवर आपलं नाव वापरू दिलं. डॉक्टरांची संघटना म्हणतेय म्हटल्यावर कुठली आई शंका घेणार? केरळमधल्या एका डॉक्टरने या प्रकाराचा पाठपुरावा केला आणि २०१० साली भारतीय वैद्यक परिषदेने संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा निर्णय घेतला. मोठ्या संघटनेला वठणीवर आणायला एका चिकाटीच्या माणसाची तक्रार पुरली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं पाठवली. शाळेत मुलांना शिजवलेलं अन्न देण्याऐवजी पौष्टिक द्रव्यं घातलेली बिस्किटं द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. निदान २९ खासदारांनी ती संबंधित मंत्र्यांकडे पुढेही सरकवली. राज्यांनी विरोध केला म्हणून ती बारगळली. त्या पत्रातलं ‘पौष्टिक’ वाचलं आणि शाळेच्या पडवीत वाढली जाणारी गरम खिचडी, तिच्यातली डाळ, ती रांधणाऱ्या बायकांचा रोजगार, जातीपातीचा विचार न करता एका पंगतीला बसणारी मुलं, हे सगळं डोळ्यांसमोर आणलं, म्हणजे प्रश्न किती बारीक करून विचारला गेला होता ते कळतं. बिस्किटात अमुक इतकं लोह आहे का, एवढंच विचारलं तर बिस्किट जिंकतं.

महाराष्ट्रात हाच तिढा अंगणवाडीच्या घरपोच आहारात दिसला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच या योजनेतून ठेकेदारांना दूर ठेवायला सांगितलं होतं. तरीही इथे महिला मंडळांच्या नावाआड खासगी कंपन्या पुरवठा करत असल्याचं न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ साली दाखवून दिलं. पुढे २०१६ च्या निविदेत उलाढालीच्या अटी अशा होत्या की गावातला बचत गट त्यांत बसणं कठीण. ती कंत्राटं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केली. पोषणाचे निकष कागदावर तांत्रिक आणि निःपक्ष दिसतात. पण पीठ कुठल्या यंत्रातून निघालं पाहिजे, हे त्या निकषांत लिहिलं की ते कोण पुरवणार हेही तिथेच ठरून जातं.

आता कुठल्याही किराणा दुकानातलं क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट हातात घ्या. पुढच्या बाजूला दुधाचा पेला आणि गव्हाची ओंबी. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी, वजनाच्या उतरत्या क्रमाने. मैदा पहिला, साखर बहुधा दुसरी किंवा तिसरी. पुढे ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ अशी साखरेची भावंडं वेगवेगळ्या नावांनी बसलेली, म्हणजे एकेकटी यादीत खाली जातात. पोषणमूल्यांचा तक्ता शंभर ग्रॅमचा किंवा दोन-तीन बिस्किटांच्या ‘सर्व्हिंग’चा, अख्खं पाकीट खाल्लं तर किती, याचं गणित ग्राहकाने करायचं. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याने तेही करायचं नाही.

या पाकिटाच्या पुढच्या बाजूला स्पष्ट इशारा छापायचा की नाही, यावर आपल्या देशात दहा वर्षांहून जास्त काळ खल चालू आहे. २०१८ साली अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जास्त साखर, मीठ आणि चरबीच्या पदार्थांवर लाल खूण सुचवणारा मसुदा काढला आणि उद्योगाच्या विरोधानंतर तो बाजूला ठेवला. फेरविचारासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष इल्सीच्या भारतीय शाखेचे विश्वस्त होते, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९ साली छापलं. २०२२ साली नवा मसुदा आला तो ताऱ्यांचा, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. यात साखर-मिठाचे दोषगुण धरले जातात, पण तंतू, प्रथिनं, फळं, सुकामेवा यांचे गुण त्यांतून वजा होतात. म्हणजे बिस्किटात थोडा कोंडा आणि चिमूटभर बदाम घातला की साखर तेवढीच राहून तारा वाढू शकतो. शिवाय तारा बक्षिसासारखा दिसतो. अर्धा तारा मिळालेला पदार्थही काहीतरी मिळवल्यासारखा वाटतो. चिलीने २०१६ पासून याउलट केलं. ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असे काळे अष्टकोन पाकिटावर सक्तीचे केले, अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिराती रोखल्या आणि शाळांतली विक्री बंद केली. पहिल्या दीड वर्षात तिथे इशारा असलेल्या गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली आणि नंतर ती वाढवावीही लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या रुग्णांच्या देशात एका खुणेवरची ही दिरंगाई समर्थनीय नाही.

*

तरी मी हताश नाही, आणि या संग्रहातले लेखही हताश नाहीत. कारण हा प्रश्न आपण एका कोपऱ्यात सोडवून दाखवलेला आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांचा प्रचार दवाखान्यांतून आणि डॉक्टरांच्या मार्फत होतो आणि गरीब देशांत त्याने बाळं दगावतात, हे १९७० च्या दशकात जगासमोर आलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याविषयी आचारसंहिता मंजूर केली. तिला कायद्याचं रूप द्या म्हणून आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ आणि कार्यकर्ते झटले. स्तनपानाच्या प्रसाराचं काम करणारं देशव्यापी जाळं १९९१ साली वर्ध्यात उभं राहिलं. मुंबईतली ‘अ‍ॅकॅश’ ही ग्राहकांची संस्थाही या लढ्यात होती. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. बाळाच्या दुधाची पावडर, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं तयार अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात तर बंद झालीच, पण ती बनवणाऱ्या कंपन्यांनी आरोग्यसेवकांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषद, शिष्यवृत्ती, संशोधन अशा कुठल्याही नावाने पैसे देणंही बेकायदा ठरलं.

या तरतुदीचं मोल ओळखायला हवं. प्रायोजकत्व हा प्रभावाचा मार्ग आहे, हे भारताच्या कायद्याने केव्हाच मान्य केलं. पैसे घेऊनही मी निःपक्ष राहीन, असं म्हणणाऱ्या डॉक्टरच्या प्रामाणिकपणावर त्याने शंका घेतली नाही. व्यवहारच बंद केला. पळवाटा अजून शोधल्या जातात. एका कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या तयार अन्नात दर खुराकामागे सरासरी २.७ ग्रॅम जादा साखर आहे आणि युरोपात तसंच अन्न ती साखरेशिवाय विकते, हे २०२४ साली एका स्विस संस्थेने दाखवलं. तरीही बाळांसाठी जे तत्त्व आपण मान्य केलं, ते दहा वर्षांच्या मुलासाठी आणि पन्नाशीतल्या मधुमेही माणसासाठी का लागू नये, हे विचारण्याचा आधार या कायद्याने दिला आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे सारं वाचून ‘संशोधन म्हणजे सगळी थापेबाजी’ अशा टोकाला जाणं फार धोक्याचं आहे. ती पोकळी भरायला व्हॉट्सअ‍ॅपवरचे वैद्य आणि डिटॉक्सच्या बाटल्या विकणारे टपलेलेच असतात आणि त्यांना तर कुणी हितसंबंधही विचारत नाही. कर्न्स, नेसल, ग्रीनहाल्श या सगळ्या विद्यापीठांतल्याच आहेत. उद्योगाचा प्रभाव मोजला तो विज्ञानानेच. उद्योगाच्या पैशाने झालेला प्रत्येक अभ्यास खोटा असतो असंही नाही. मिठात आयोडीन घालणं हे कारखान्यांच्या साहाय्यानेच साधलं आणि त्याने गलगंड कमी झाला. पुण्यात कचेरी असलेल्या अंडी उत्पादकांच्या समितीने ‘रोज अंडी खा’ हे दूरदर्शनवरून घरोघरी पोचवलं, तेव्हा बोलणारा कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. अशा उघड जाहिरातीने फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती विक्रेत्याने शास्त्रज्ञाचा किंवा सरकारचा आवाज उसना घेतल्यावर.

पुढच्या लेखांत संशोधनाचा पैसा, पाकिटांवरचे दावे, शाळा-अंगणवाड्यांतला आहार आणि कायदे अशा क्रमाने हा विषय उलगडत जातो. वाचताना दर अभ्यासाला, दर सल्ल्याला चार गोष्टी विचारायची सवय लागली तर या संग्रहाचं सार्थक होईल. पैसे कुणी दिले? तुलना कशाशी केली? काय मोजलं आणि किती दिवस? आणि या विषयातला कुठला प्रश्न विचारलाच गेला नाही?

पण दुकानात उभ्या असलेल्या एकट्या ग्राहकावर सगळा भार टाकणं म्हणजे उद्योगाचंच म्हणणं मान्य करणं होय. बदल व्यवस्थेत हवा, आणि तो अशक्य कोटीतला नाही. कॅनडाने २०१९ ची आहार मार्गदर्शिका तयार करताना ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी उद्योगाच्या प्रतिनिधींना भेटायचं नाही आणि उद्योगाने करवून घेतलेले अहवाल पुरावा म्हणून धरायचे नाहीत, असं ठरवलं आणि पाळलं. ब्राझीलने २०१४ साली सल्ला पोषकद्रव्यांऐवजी जेवणाच्या भाषेत दिला आणि जाहिरातींपासून सावध राहा, हेही त्यातच लिहिलं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही पाकिटावरचे दावे फसवे असू शकतात, असं स्पष्ट बजावलं आहे. याच वाटेने आणखी पुढे जायला हवं. आहाराचे नियम ठरवणाऱ्या समितीत त्या नियमांनी ज्याचा धंदा वाढतो किंवा घटतो अशा कुणाशीही बांधलेला माणूस नको. डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या परिषदांना अन्नकंपन्यांचे पैसे नकोत. आणि नाचणी, ज्वारी, कडधान्यं, शेंगदाणे, पालेभाज्या अशा बिनमालकीच्या अन्नावर संशोधन करायला सार्वजनिक पैसा हवा, कारण त्यांच्या वतीने प्रश्न विचारायला सरकारशिवाय दुसरं कुणी नाही. या तीन मागण्या ग्रामसभेत, पालकसभेत आणि आमदार-खासदारांपुढे मांडण्याइतपत स्पष्ट आहेत. वाचकांनी त्या तशा मांडाव्यात, याच हेतूने हा संग्रह काढला आहे.